चिओ लान तलावाची डे ट्रिप: फुकेतहून करावी की खाओ सोकला राहून?

परवा भावोजींचा फोन आला. जानेवारीत थायलंडमध्ये फुकेतला जातायत, पाच रात्री, आणि त्यातला एक दिवस चिओ लान तलावाला द्यायचाय, होडी, जंगल, गुहा सगळं एकाच दिवसात. आता प्रश्न असा की फुकेतच्या हॉटेलवरून सकाळी व्हॅन उचलते आणि रात्री आणून सोडते ती ट्रिप घ्यावी, की पाचातल्या दोन रात्री खाओ सोक गावात काढून तिथून तलावावर जावं. मी दोन्ही केलंय, दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत फुकेतहून आणि यंदा जानेवारीत खाओ सोकला राहून, दोन्ही वेळी बायको, मुलगा आणि आई बरोबर होती. फोनवर अर्धा तास बोललो तरी निम्मं राहून गेलं आणि ऑफिसातले आणखी दोघं हेच विचारतायत, म्हणून लिहूनच काढतोय.

तलाव दोन्हीकडे तोच, लाँगटेल होडीही तीच, ट्रकचं इंजिन मागे उघडं बसवलेली. पाण्यातून सरळ वर गेलेले चुनखडीचे कडे, त्यांच्यावर चिकटून वाढलेली झाडं, आणि ते तीन सुळके, खाओ साम क्लो म्हणजे तीन मित्र, जिथे प्रत्येक होडी फोटोसाठी थांबतेच. ते फोटो तुम्ही पाहिलेच असणार. प्रत्यक्षात फोटोपेक्षा सुंदर आहे, हे दोन्ही ट्रिपना लागू. फरक आहे तो वेळेत, आणि वेळ कुठे जातो त्यात.

फुकेतच्या ट्रिपमध्ये पिकअप लिहिलेला असतो साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. आम्ही सव्वापाचला चौघंही लॉबीत तयार, आईने तर चारला उठून आंघोळही केलेली, आणि व्हॅन आली पावणेसातला. बरं आली तर आता निघेल म्हणावं तर नाही, आमच्यानंतर आणखी पाच हॉटेलं, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी खोलीतून यायचंय, कोणाचा पासपोर्ट राहिलाय, कोणी नाश्त्याचा डबा पॅक करून घेतोय, आणि आम्ही त्याच रस्त्यावरून तिसऱ्यांदा जातोय. फुकेत बेट ओलांडून पुलापलीकडे जायलाच आठ वाजून गेले. मग वाटेत एक थांबा, टॉयलेटसाठी म्हणून, तर ते काजूचं मोठं दुकान, वीस मिनिटं. फुकेतला काजू पिकतो हे मला तिथे कळलं, पण गोव्यातल्या फोंड्याहून गेलेल्या माणसाला त्या वीस मिनिटांचं काय करायचं. धक्क्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. आणि गाइडने होडीत बसतानाच सांगितलं, साडेतीनला सगळे परत व्हॅनमध्ये, कारण ड्रायव्हरला प्रत्येकाला आपापल्या हॉटेलवर सोडायचंय.

म्हणजे बघा, पहाटेपासून रात्री आठपर्यंतचा दिवस, त्यात तलावावर साडेचार तास, त्यातला तास-दीड तास जेवणात आणि जाण्यायेण्यात. हाच तो त्रास ज्याच्यामुळे माझं मत ठरलं, आणि तो नुसता कंटाळ्याचा नाही. तो गुहेत जाऊन बोचला.

त्या ट्रिपमध्ये गुहा होती पाकारांग. पाकारांग म्हणजे पोवळं. तलावाच्या एका फाट्यात होडीतून उतरायचं, अर्धा तास रानातून टेकडी ओलांडायची, पलीकडे तलावाचाच दुसरा फाटा लागतो, तिथून बांबूच्या तराफ्यावर बसून गुहेच्या तोंडाशी. गुहा कोरडी, पायवाट धड, आत छतापासून लोंबणारे दगडाचे पडदे आणि जमिनीतून वर आलेले खांब, काही ठिकाणी खरंच पोवळ्यासारखी बारीक फांद्यांची नक्षी. आपल्याकडे हरवळेच्या किंवा रिवणच्या गुहा बघितलेल्या माणसाला हे वेगळं वाटणारच, कारण आपल्या गुहा चिऱ्याच्या दगडात माणसाने छिन्नीने कोरलेल्या, इथे पावसाच्या पाण्याने चुनखडी विरघळवत नेली आणि तेच पाणी थेंबाथेंबाने परत दगड बांधत बसलंय. आईने बॅटरी एका खांबाच्या टोकावर धरली. टोकाला पाण्याचा एक थेंब लटकलेला, पडत नव्हता. ती म्हणाली, थांब जरा, हा पडू दे. आणि मागून गाइड, मॅडम फाइव्ह मिनिट, फाइव्ह मिनिट. त्याचा दोष नाही हो, मागे दुसरा ग्रुप उभा होता आणि त्याला साडेतीन गाठायचे होते. पण आई तो थेंब पडायच्या आत वळली. त्या काजूच्या दुकानातली वीस मिनिटं मला तिथे आठवली, आणि अजून आठवतात.

माझा मावसभाऊ कुळ्याला दूधसागरची जीप चालवतो म्हणून मला हे दुसऱ्या बाजूनेही माहीत आहे. कळंगुट-बागाहून पहाटे हॉटेलं गोळा करत येणारी बस कुळ्याला पोचते तोवर जीपची रांग लागलेली असते, माणसं बसमध्येच दमलेली, धबधब्यावर उन्हाच्या भरात गर्दी, आणि लगेच परत फिरायचं. मोले किंवा कुळ्यात रात्री राहिलेला माणूस पहिल्या जीपमध्ये बसतो आणि त्याला धबधबा जवळजवळ एकट्याला मिळतो. धबधबा तोच, तिकीटही तेच. चिओ लानचं अगदी असंच आहे. इतकी वर्षं मी घरी आलेल्या पाहुण्यांना हे सांगत होतो, आणि स्वतः परदेशात गेल्यावर मात्र कळंगुटच्या बसमध्ये बसलो.

खाओ सोक गाव म्हणजे नॅशनल पार्कच्या दारातला एक रस्ता, दोन्ही बाजूंना छोटी गेस्ट हाउसं, रात्री बेडकांचा एवढा आवाज की आपल्या सत्तरी तालुक्यातल्या पावसाळी रात्रीची आठवण व्हावी. तिथून धक्का साधारण तासाभराच्या अंतरावर. आम्ही साडेसातला निघालो, पावणेनऊला पाण्यावर, आणि फुकेतच्या व्हॅन यायच्या आत दोन तास तलावावर बोटांवर मोजण्याइतक्या होड्या. पाणी आरशासारखं. बुडालेल्या झाडांचे वाळलेले शेंडे पाण्याबाहेर उभे, एकावर धनेश पक्षी बसलेला. लांबून गिबन वानराचा आवाज येत होता, मुलाला आधी वाटलं कोणी शिट्टी मारतंय.

इथेच ती गोष्ट झाली जिच्यामुळे मी नुसतं 'वेळ जास्त मिळतो' एवढ्यावर थांबत नाहीये. आमचा गाइड धरणाजवळच्याच भागातला पोरगा. मधल्या मोठ्या पाण्यावर त्याने होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं आणि खाली बोट दाखवून म्हणाला, आजोबांचं गाव इथे होतं. रत्चप्रपा धरण १९८७ साली पुरं झालं आणि बान चिओ लान हे गाव पाण्याखाली गेलं, तलावाला नाव तेवढं त्याचं राहिलं. माझ्या आईचं माहेर कुर्डी. साळावली धरणात गेलेलं कुर्डी. माहेरची माणसं वालकिणीला वसवली, महादेवाचं देऊळ दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन परत बांधलं, आणि अजून मे महिन्यात पाणी उतरलं की ती सगळी जाऊन आपापल्या घराचे पाये बघून येतात. आई त्या पोराला मराठीतच विचारायला लागली, उन्हाळ्यात वर येतं का रे गाव? मी इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला नाही, खूप खोल आहे. मग त्याने सांगितलं की पाणी चढत होतं तेव्हा टेकड्यांची बेटं झाली आणि जनावरं त्यांच्यावर अडकली, तेव्हा सुएब नाखासथियन नावाच्या वन अधिकाऱ्याने माणसं आणि होड्या घेऊन त्यांना बाहेर काढायची मोहीम चालवली. आई बराच वेळ पाण्याकडे बघत होती. बहुतेक दहा मिनिटं आम्ही तसेच तरंगत होतो, आणि कोणीही घड्याळ बघितलं नाही. फुकेतच्या ट्रिपमध्ये आम्ही याच पाण्यावरून भरधाव गेलो होतो, खाली गाव आहे हे आम्हाला कळलंसुद्धा नव्हतं.

आता गुहेचं. दुसऱ्या वेळी आम्ही नाम तालू घेतली, आणि इथे जरा सांभाळून ऐका, कारण ही गुहा सगळ्यांसाठी नाही. नाम तालू म्हणजे पाणी आरपार जातं ती. ओढा एका तोंडातून आत शिरतो, दुसऱ्यातून बाहेर पडतो आणि तुम्ही त्याच ओढ्यातून चालता. आधी दीड तासाच्या आसपास रान तुडवायचं, वाटेत ओढे ओलांडायचे, जळवा असतात, आपल्याला त्यांचं नवल नाही. मग आत काळोख, कपाळावर बॅटरी, घोट्यापर्यंत पाणी, मग कमरेपर्यंत, आणि एका अरुंद घळीत माझ्या छातीच्या वर गेलं. मुलाला तिथे दोर धरून पोहावंच लागलं. पाणी गार आणि पायाखालचा दगड गुळगुळीत. गाइडने भिंतीवर प्रकाश टाकला तर तळहाताएवढा कोळी, अजिबात हलेना, मुलगा त्याच्यापासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन बघत राहिला. मला स्वतःला ही गुहा जास्त आवडली. पण आई आणि बायको तराफ्यावरच्या घरांपाशी थांबल्या, आणि तेच बरोबर होतं.

पावसाळ्यात नाम तालू बंदच असते, आणि त्याला कारण आहे. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात तिथे पर्यटक आणि गाइड मिळून ८ जण गेले. बाहेर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पडलेला पाऊस गुहेत उतरतो, आणि त्या घळीत पळायला जागाच नाही. आपल्याला वाटतं चतुर्थी झाली, दिवाळी आली, पाऊस संपला. तिकडे दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी नाम तालूचा हट्ट धरू नये. डिसेंबर ते मार्च बरा. आणि गाइड म्हणाला आज नको, तर आज नको.

म्हणून भावोजींना मी सांगितलं की गुहा आणि मुक्काम हे दोन वेगळे निर्णय आहेत. फुकेतहून येणाऱ्या एका दिवसाच्या ट्रिपमध्ये नाम तालू सहसा बसतच नाही, पण खाओ सोकला राहिलात तर दोन्ही गुहांच्या ट्रिपा मिळतात. वहिनींचे गुडघे दुखतात, तेव्हा पाकारांग घ्या, फक्त सकाळी लवकर घ्या.

फुकेतच्या ट्रिपची बाजूही आहे, नाही असं नाही. सामान हलवावं लागत नाही. बरोबर अगदी लहान मूल असेल, किंवा एकूण तीनच रात्री हातात असतील, तर दोन रात्री जंगलात घालवणं परवडणारं नाही. काहींना व्हॅनमध्ये झोप लागते, त्यांना माझा त्रास हा त्रासच वाटणार नाही, आमच्या व्हॅनमधली एक जोडी जाताना आणि येताना गाढ झोपली होती आणि खूश होती. पैशाचं म्हणाल तर आम्हाला फार फरक पडला नाही, फुकेतच्या समुद्राजवळच्या हॉटेलपेक्षा खाओ सोकची खोली बरीच स्वस्त, त्यात व्हॅनचं भाडं निघून आलं. समुद्रकिनारा हवाच असेल तर खाओ लाक हा मधला मार्ग आहे, तिथून धक्का दीड तासावर. तिथे मी राहिलेलो नाही म्हणून जास्त बोलत नाही.

जेवण दोन्हीकडे तराफ्यावरच्या घरात, शीत म्हणजे भात, तळलेला अख्खा मासा, नारळाच्या रसातली कढी, गोव्याच्या माणसाला उपाशी राहायची भीती नाही. पण आमची तलावाची तारीख सोमवारी आली आणि आईचा सोमवार. तिकडे भाजीतसुद्धा माशाचा सॉस घालतात, त्यामुळे नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, 'जे' म्हणजे पूर्ण शाकाहारी असं म्हणायचं, आणि तेही आदल्या दिवशी. फुकेतच्या एजंटला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, ते स्वयंपाकघरापर्यंत पोचलंच नाही आणि आईने त्या दिवशी भात आणि अननस खाल्ला. खाओ सोकच्या गेस्ट हाउसच्या बाईंनी माझ्यासमोर फोन केला, आणि दुपारी वेगळं ताट आलं.

माझं मत आता तुम्हाला कळलंच असेल, पण तुमच्या रात्री तुम्ही मोजा. ज्यांना फुकेतहूनच करायचंय त्यांनी बुक करताना दोन गोष्टी विचाराव्यात, आमचं हॉटेल पिकअपमध्ये कितवं, आणि धक्क्यावरून परत निघायची वेळ काय. पहिलं उत्तर नीट मिळालं नाही तर चार माणसांनी मिळून खासगी गाडी केलेली बरी, आम्ही चौकशी केली तेव्हा चौघांत तेवढंसं महाग पडत नव्हतं.

भावोजींनी काल रात्री खाओ सोकच्या दोन रात्री बुक केल्या. वहिनींचा पाय आणि आईचा पाय एकाच मापाचा निघाला, त्यामुळे आईची पावसाळी प्लास्टिकची सँडल, मागून पट्टा असलेली, पाकारांगच्या टेकडीवर अजिबात न घसरलेली, धुवून पिशवीत घालून ठेवलीय. रविवारी म्हापशाला जाताना देऊन येणार.