पाताळपाणीची टंट्या मामा सहल: जावं, पण गाइडला टोकावं

इंदूरहून महूमार्गे पाताळपाणीच्या धबधब्याला जाणारी ही एका दिवसाची सहल जरूर करावी. निमाडच्या डोंगरात इंग्रजांना पुरून उरलेल्या बंडखोर टंट्या भिल्लाला, लोकांच्या टंट्या मामाला, त्यांनी कसं संपवलं, ते त्याच डोंगराच्या तोंडाशी उभं राहून ऐकता येतं.

मात्र टंट्या मामाच्या मंदिरापाशी गाइड सांगतो, ‘फाशी इथेच दिली.’ साफ चूक! फाशी जबलपूरच्या तुरुंगात झाली, ४ डिसेंबर १८८९ला. प्रेत इथे रुळांजवळ आणून टाकलं असं लोक मानतात, म्हणून हे देवस्थान. ज्याच्यापुढे आजही नारळ फुटतो, त्याच्या मरणाची जागा तरी नीट सांगायला हवी.

दुसरी उणीव जास्त सलते. टंट्यावरचे गुन्हे सांगताना गाइड चोरी, लूट, दरोडा सगळं एकाच मापाने मोजतो. १८६०च्या दंडसंहितेत जबरी चोरीला पाच किंवा अधिक जण असले की तो दरोडा. शिक्षा जन्माचं काळं पाणी किंवा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दरोड्यात एकाने खून केला, तर बरोबरच्या प्रत्येकाला फाशी होऊ शकत असे. नुसतं टोळीत असणंही गुन्हाच. सगळ्यांचीच मान अडकली की माफीचा साक्षीदार, म्हणजे स्वतःची सुटका व्हावी म्हणून साथीदारांविरुद्ध बोलणारा, मिळणं सोपं जायचं.

टंट्यावर पहिली बेडी पडली ती १८७४च्या सुमारास, ‘वाईट चालीचा’ म्हणून, वर्षभरासाठी. १८७८ला खंडव्याला कोंडला, तर तीन दिवसांत निसटला. शेवटी फितुरीनेच घात केला. १९ ऑक्टोबर १८८९ला जबलपूरच्या सत्र न्यायालयाचा निकाल, आणि ४६ दिवसांत फास. एवढं जरी गाइडने ओळीने सांगितलं, तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल.

रेल्वेगाडी इथे थांबते ती मामाला सलामी म्हणून, हे गाइड मन लावून सांगतो. पुढे कालाकुंड स्थानकापर्यंत घाटाचा तीव्र उतार आहे, त्याआधी ब्रेक तपासावे लागतात, हेही जोडावं. त्याने श्रद्धेला काही धक्का लागत नाही.

पावसाळ्यात धबधबा भरलेला असतो, पण वर कुठे पाऊस झाला की लोंढा अचानक येतो. पात्रातल्या दगडांवर उतरू नका. शेवाळावर चपला टिकत नाहीत, पकड असलेले बूट घाला. फोटोंचा वेळ कापून मंदिरापाशी जास्त थांबायला सांगा, आणि फाशी कुठे झाली ते गाइडला आधीच विचारून ठेवा.