पीएनआर खरा होता

इंदूरच्या एका पक्षीनिरीक्षक मंडळाचे 2,35,200 रुपये बुडाले. तिकिटं बनावट निघाली असतील, असं ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो. तिकिटं अगदी खरी होती, आणि घोळ तिथेच आहे.

रविवारी सकाळी सिरपूर तलावावर दुर्बिणी घेऊन जमणारी मंडळी, एकूण 24. फेब्रुवारी 2025 मध्ये कान्हा व्याघ्र प्रकल्पात जायचं ठरलं. मंगळवारी 11 तारखेला रात्रीची इंदूर-जबलपूर ओव्हरनाइट, तिथून गाड्या करून कान्हाचं खटिया गेट, तीन रात्री, चार सफारी. माणशी 9,800. ट्रॅव्हलवाला कुणाच्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवरून सापडलेला, पण मराठी बोलणारा. इंदुरात एवढ्यावर निम्मं काम होतं. ‘आपल्यातलाच आहे’ म्हटलं की ऑफिस कुठे आहे हे विचारायलाही लोकांना संकोच वाटतो.

एका ई-तिकिटावर सहाच नावं बसतात. म्हणून जातानाचे चार आणि येतानाचे चार, असे आठ पीएनआर त्याने डिसेंबरात ग्रुपवर टाकले. चार-पाच जणांनी रेल्वेच्या 139 नंबरवर तपासले, सगळे कन्फर्म. त्याच संध्याकाळी पैशांचा तगादा सुरू झाला आणि तीन दिवसांत पूर्ण रक्कम त्याच्याकडे पोचली. मग त्याने आठही तिकिटं रद्द केली. थर्ड एसीचं कन्फर्म तिकीट, गाडी सुटायला 48 तासांहून जास्त अवकाश, तर तेव्हा माणशी 180 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच कापलं जाई. जाऊन-येऊन 48 बर्थचे झाले साधारण नऊ हजार. बाकीचं सगळं भाडं ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यात, म्हणजे त्याच्याच खिशात परत. प्रवाशांना पत्ता नाही, कारण तिकिटावर मोबाइल नंबरही त्याचाच होता.

तिकीट कुणी उघडून नीट वाचलं असतं तर तिथेच कळलं असतं. आयआरसीटीसीच्या, म्हणजे रेल्वेच्या ऑनलाइन तिकीट कंपनीच्या, अधिकृत एजंटाने काढलेल्या तिकिटावर एजन्सीचं नाव छापलेलं असतं. त्याने रद्द केलं तर परतावा किती याचा मेसेज आणि ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो, अर्थात तिकिटावर नंबर प्रवाशाचा असेल तर. इथे तिकिटं वैयक्तिक खात्यावरून काढलेली होती. आधार जोडलेल्या खात्यावर महिन्याला 24 तिकिटं निघतात, त्यात आठ सहज बसली. परवान्याशिवाय असा तिकिटांचा धंदा करणं रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली गुन्हा आहे, पण ते नंतर आठवून काय उपयोग.

दुसरी खूण तर पक्षीवाल्यांना तरी दिसायला हवी होती. कार्यक्रमात ‘बुधवार 12, दुपारची सफारी, किसली झोन’ असं छापलेलं. मध्य प्रदेशातली व्याघ्र उद्यानं बुधवारी दुपारी बंद असतात! परमिट म्हणून आले ते फोटो, आणि चार जिप्सींच्या चारही कागदांवर बुकिंग नंबर एकच. परमिट गाडीमागे सहा जणांचं निघतं, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर असतो, गेटवर मूळ ओळखपत्राशी ताडून पाहतात. शिवाय जिप्सी आणि गाइडचे पैसे गेटवर द्यायचे असतात. ह्याने तेही आधीच घेतले होते.

बिलावर जीएसटी नंबर होता, चौदा अक्षरी. खरा पंधरा अक्षरी असतो आणि मध्य प्रदेशातल्या नोंदणीचा 23 ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव समोर येतं, अर्ध्या मिनिटाचं काम.

पैसे मंडळाच्या खजिनदारांच्या यूपीआयवरून गेले : 90,000, 90,000 आणि 55,200. यूपीआयची दिवसाची मर्यादा लाखाची, म्हणून तीन तुकडे. पैसे घेणाऱ्याच्या जागी फर्मचं नव्हे, एका व्यक्तीचं नाव दिसत होतं. विचारल्यावर उत्तर आलं, ‘‘काका, चालू खात्याची लिमिट संपलीय, हे आमच्या अकाउंटंटचं आहे.’’ पैसे आत येण्याला अशी लिमिट संपत नसते.

9 फेब्रुवारीला एकीने लोअर बर्थ मिळालाय का म्हणून पीएनआर टाकला, तर सगळ्या नावांसमोर ‘कॅन/मॉड’, म्हणजे तिकीट रद्द. फोन बंद. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली, पण पैसे जाऊन सात आठवडे झालेले. हा नंबर पहिल्या काही तासांत खरा कामाचा. सायबर पोर्टलवर यूपीआयचे बारा आकडी यूटीआर (व्यवहार) नंबर भरावे लागतात, म्हणून पावत्यांचे स्क्रीनशॉट पुसू नयेत. तक्रार खजिनदारांच्या नावाने झाली, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेले. ज्या सात जणांनी त्यांना रोख दिले होते त्यांच्याकडे चिठ्ठीही नव्हती, आणि मग ट्रॅव्हलवाल्यापेक्षा खजिनदारांकडेच बोट जास्त वळलं. हे सगळ्यात वाईट झालं.

पुढच्या सहलीला मंडळाने दोघांच्या सहीचं खातं उघडलं. अशा खात्यावर तेव्हा यूपीआय चालत नव्हतं, चेक किंवा एनईएफटी करावं लागे. ती कटकटच फायद्याची. तिकिटं सहा-सहाच्या गटाने आपापल्या आयडीवरून, परमिटं वनविभागाच्या पोर्टलवरून, रिसॉर्टचा ॲडव्हान्स थेट रिसॉर्टच्या खात्यात. बाहेरच्याकडे राहिली फक्त जबलपूरहून पुढची गाडी, तिचा निम्मा पैसा बसताना आणि निम्मा उतरताना. पीएनआर एकदा नाही, निघेपर्यंत दर आठवड्याला पाहायचा.

बुडालेले पैसे पुढे ज्या खात्यांत फिरले, त्यातल्या कुठल्याशा खात्यात बँकेने 14,600 रुपये अडवून ठेवले आहेत. ते सोडवायला कोर्टात अर्ज केलेला आहे.