बंगल्यांमधलं गोल्फ की माळावरचं?

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हणालात, तर तो तुम्हाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सोडतो. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी लोक गोल गोल चालतात. गोल्फ तेवढं नावापुरतं उरलंय. खरंच खेळायचं तर शहर सोडावं लागतं. मग सभासदत्वाची वेळ आली की प्रश्न पडतो: बंगल्यांच्या प्रकल्पातला कोर्स घ्यावा, की नुसता माळावरचा? मी दोन्हीकडे वर्षभर पाहुणा म्हणून खेळलो आणि मगच पैसे भरले. नावं मुद्दाम टाळतोय, दोन्हीकडे मित्र आहेत.

आधी बंगलेवाल्याची बाजू. मे महिन्यातही तिथली ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, ताजी असते; पटिंग, म्हणजे चेंडू हळूच खळग्यात ढकलणं, करावं तर तिथेच. घरं विकून आलेला पैसा आणि महिन्याचा मेंटेनन्स गवतावर दिसतो. माळावर एप्रिलपासून फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतचे गवताचे पट्टे, तपकिरी होतात. पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी बिलगते की चार होलनंतर (एका फेरीत असे अठरा टप्पे) पाय उचलायला मजूर लावावा. क्लबहाउसचं विचारूच नका. एकीकडे कॉफीचं मशीन, दुसरीकडे काचेच्या ग्लासातला कटिंग.

घरांमुळे पहिला फरक पडतो तो मनात. माझा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, उजवीकडे वळतो, आणि उजवीकडे पांढऱ्या खुंट्यांमागे कुणाची तरी फ्रेंच विंडो. चेंडू ओबी, म्हणजे खुंट्यांच्या हद्दीबाहेर, गेला की एका फटक्याचा दंड, शिवाय पुन्हा जिथून मारला तिथूनच मारायचा. २०१९ पासून क्लबला स्थानिक नियम लावता येतो: दोन दंड घ्या आणि पुढे जाऊन चेंडू टाका. त्यानं वेळ वाचतो, अब्रू नाही. माळावर तोच फटका रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, पडतो आणि बाभळीखालून का होईना, खेळता येतो. तरी हेही मी सोसलं असतं. सरळ मारायला शिका, एवढाच त्याचा अर्थ.

माझं घोडं अडलं ते सहाव्या ग्रीनवर. पट झाला, झेंडा परत लावला, आता सातवा टी, म्हणजे पुढच्या होलची सुरुवातीची जागा, कुठे? कॅडीनं बॅग खांद्यावर टाकली आणि चालायला लागला. आधी एक छोटं गेट, मग कॉलनीचा डांबरी रस्ता, स्पीडब्रेकर, रिव्हर्स घेणारी एक इनोव्हा, तिला जागा द्यायला आम्ही कुंड्यांना चिकटून उभे. पुढे दुसरं गेट, तिथला वॉचमन विचारतो, "कुठे जायचंय साहेब?" टीवर पोचेपर्यंत हात गार, डोक्यातला आधीचा चांगला फटका विरघळलेला. वरच्या बाल्कनीत एक काका बशीत चहा ओतून माझा स्विंग बघायला तयार. असे रस्ते अठरा होलमध्ये मी पाच मोजले. तिथे जवळजवळ सगळे कार्ट, म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी, घेतात, त्याचं कारणही हेच.

हे कुणाच्या निष्काळजीपणामुळे होत नाही, ते गणितच तसं आहे. फेअरवे एकटा ठेवला, तर दोन्ही अंगांनी 'गोल्फ व्ह्यू' विकता येतो. होल एकमेकांना लागून आखले, तर आतल्या होलना घरांची रांगच लागत नाही. मग कोर्स माळेतले मणी सुटावेत तसा पसरतो आणि मधल्या दोऱ्याच्या जागी रस्ते येतात. खेळ म्हणून तुम्ही अठरा होल खेळता, पण ती एक फेरी वाटत नाही. अठरा वेगळ्या भेटी वाटतात.

गाव आणि गोल्फ शेजारी नांदतच नाहीत, असंही माझं म्हणणं नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्सचा पहिला आणि अठरावा होल गावाला खेटून आहे, सतराव्यावर तर हॉटेलच्या आवारावरून ड्राइव्ह मारायचा असतो. रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि लोक तिथे फिरायला येतात. पण तिथे गाव एका टोकाला आहे, होलांच्या मधे घुसलेलं नाही.

माळावर मी ग्रीनवरून उतरतो आणि वीस-पंचवीस पावलांवर पुढचा टी. डिसेंबरच्या सकाळी धुकं असतं, बोटं आखडतात, लांबवर डोंगराची कड दिसते आणि वाऱ्याचा अंदाज गवतावरून येतो, गच्चीवरच्या कपड्यांवरून नाही. अर्थात ज्यांना तिथेच राहायचं आहे, नातवंडं सायकल चालवणार आहेत, त्यांचा हिशेब वेगळा असेल. गुडघे कुरकुरत असतील तर कार्टही वाईट नाही.

तरी सही करण्याआधी एकदा कार्ट न घेता अठरा होल चालून बघा आणि रस्ते मोजा. माळाच्या मालकाला मात्र शेजारच्या द्राक्षबागेचं काय होणार, ते जरूर विचारा. मी विचारलं, तर तो हसला. पैसे तरी तिथेच भरले. आमच्या सौ. अजून म्हणतात, कॉफी तिकडचीच बरी होती.