बुडापेस्टच्या टेकडीखालचे युद्धकालीन रुग्णालय : नाशिककर प्रवाशांसाठी परीक्षण

नाशिकहून पूर्व युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांच्या वाट्याला बुडापेस्ट फार तर दीड-दोन दिवस येते आणि ते संसद भवन, साखळी पूल व डॅन्यूबवरचा संध्याकाळचा नौकाविहार यांतच संपून जाते. बुडाच्या टेकडीवरचा राजवाडा दाखवण्यासाठी बस थांबते खरी. परंतु त्याच टेकडीच्या पोटात ‘हॉस्पिटल इन द रॉक’ नावाचे संग्रहालय आहे, हे सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत सहसा छापलेले नसते. नाशिकच्या एका रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून नोकरी केलेल्या माझ्या मते, या शहरात स्वतःचे वेगळे पैसे खर्च करून एकच ठिकाण पाहायचे असेल, तर ते हे आहे.

या टेकडीखाली नैसर्गिक गुहा आणि वरच्या घरांची जुनी तळघरे यांचे मोठे जाळे आहे. दुसरे महायुद्ध जवळ आले तेव्हा त्यांपैकी काही भाग जोडून तेथे आणीबाणीच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णालय उभारण्यात आले आणि 1944 मध्ये ते सुरू झाले. साधारण साठ-सत्तर रुग्णांची सोय होईल, असा मूळ हिशेब होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर सोव्हिएत सैन्याने शहराला वेढा घातला. तो फेब्रुवारी 1945 पर्यंत चालला आणि तेवढ्या काळात या बोगद्यांमध्ये सहाशेच्या आसपास जखमी दाटीवाटीने ठेवावे लागले.

साठ आणि सहाशे हे आकडे वाचून पुढे जाता येते, पण त्या वॉर्डात उभे राहिल्यावर ते तसे राहत नाहीत. छत कमानीसारखे आणि ठेंगणे आहे, खाटा एकमेकींना खेटून लावल्या आहेत आणि दोन खाटांच्या मधून ड्रेसिंगची ट्रॉली नेणे तर दूरच, अंग तिरके करून माणूस कसा सरकत असेल, हाच प्रश्न मला पडला. खाटा संपल्यावर रुग्ण मार्गिकांमध्येही ठेवले होते. जखमा चिघळू नयेत म्हणून रुग्णांमध्ये अंतर राखावे, हे प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी शिकवले जाते; येथे ते पाळायला जागाच नव्हती. शेवटी शेवटी मृतांच्या अंगावरची बँडेजे सोडवून, निर्जंतुक करून ती पुन्हा वापरण्यात आली, असे मार्गदर्शक सांगतात. ऐकणारे काही पर्यटक तोंड वाकडे करतात, पण आमच्या पिढीने धुतलेल्या पट्ट्या गुंडाळून ड्रममध्ये भरल्या आहेत आणि तो ड्रम ऑटोक्लेव्ह या निर्जंतुकीकरणाच्या यंत्राला लावला आहे, त्यामुळे मला त्यात किळस वाटण्यापेक्षा वेगळीच काळजी वाटली. निर्जंतुकीकरणाला दाबाखालची वाफ लागते, वाफेला पाणी व इंधन लागते, आणि वेढ्यात अडकलेल्या शहरात नेमक्या याच दोन गोष्टींची टंचाई असते. शस्त्रक्रियागृहातील बरीचशी सामग्री त्या काळची, मूळची आहे. टेबल, दिवे, काचेच्या कपाटातील हत्यारे पाहताना मी गटाच्या मागे राहिले आणि मला दोनदा पुढे बोलावण्यात आले.

नाशिककरांना खडकातील दालने नवीन नाहीत. आपल्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव ठेवून तिच्या व्याजातून आजारी भिक्षूंच्या औषधांची सोय केली, असे त्यात नोंदलेले आहे. खडकाच्या आत रुग्णसेवेची तरतूद करणारी व्यवस्था आपल्या गावाने इतक्या पूर्वी पाहिली आहे. फरक एवढाच की तेथे डोंगर निवांतपणासाठी निवडला होता आणि येथे बॉम्ब चुकवण्यासाठी.

संग्रहालयातील फेरीचा उत्तरार्ध अणुयुद्धाच्या तयारीचा आहे. हंगेरीत सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध झालेल्या 1956 च्या उठावात हे रुग्णालय जखमींसाठी पुन्हा उघडले गेले आणि त्यानंतर 1958 ते 1962 या काळात ते वाढवून अणुहल्ला व विषारी वायू यांपासून बचाव करणारे आश्रयस्थान बनवण्यात आले. डिझेलवर चालणारे जनित्र, हवा गाळून आत सोडणारी यंत्रणा, आत येणाऱ्याचे अंग धुवून काढण्यासाठीचे फवारे हे सगळे तेथे पाहायला मिळते. हे ठिकाण 2002 पर्यंत सरकारी गुपित होते आणि संग्रहालय म्हणून ते 2008 पासून लोकांना खुले आहे. यंत्रे देखणी आहेत, त्यांची निगाही उत्तम राखली आहे. मात्र मला हा भाग पहिल्याइतका भिडला नाही, कारण येथे प्रत्यक्षात रुग्ण आलेच नाहीत. लाखोंच्या शहराखाली मूठभर खाटांची अशी सोय करून अणुबॉम्बनंतर नेमके कोणाला वाचवायचे होते, हा प्रश्न मार्गदर्शकाने स्वतःहून काढला असता तर बरे झाले असते. शेवटी हिरोशिमा व नागासाकी यांविषयीची मांडणी आहे. ती थोडक्यात असली तरी योग्य ठिकाणी आहे.

उणिवाही आहेत. मार्गदर्शकाशिवाय आत फिरता येत नाही आणि सुमारे तासाभरात सगळे उरकले जाते, त्यामुळे वाचायच्या पाट्या अर्ध्याच वाचून होतात. मेणाचे पुतळे फार आहेत. काही प्रसंगांत त्यांचा उपयोग होतो, पण प्रत्येक खाटेवर एक कण्हणारा चेहरा ठेवल्यामुळे खाटेकडे लक्ष जाण्याऐवजी पुतळ्याच्या कारागिरीकडे जाते. छायाचित्रे काढू देत नाहीत. मला ते पटले, बरोबरच्या मंडळींना मुळीच पटले नाही. बाहेर पडताना दुकानात जुने गॅस मास्क विकायला ठेवलेले असतात. घरात ते कोठे टांगायचे, याची कल्पना मला अजून करता आलेली नाही.

आत बारा महिने साधारण 15 ते 18 अंश तापमान असते. निफाडच्या थंडीची सवय असलेल्यांना ते जाणवणार नाही, पण मे महिन्यातील कपड्यांत गेलेल्या ज्येष्ठांनी प्रवेशाजवळ मिळणारा कोट घ्यावा. बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी आणि अगदी लहान मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी विचार करूनच जावे, कारण जखमांचे देखावे सौम्य केलेले नाहीत. प्रवेशद्वार वर राजवाड्यापाशी नसून टेकडीच्या पश्चिम उतारावर लोवाश रस्त्यावर आहे. डेआक चौकातून सुटणारी 16 क्रमांकाची बस टेकडीवर जाते आणि तेथून थोडे खाली चालावे लागते. इंग्रजीतील फेरीची वेळ आधी पाहून ठेवावी. तिकीट तेथील इतर संग्रहालयांच्या मानाने महाग आहे. सहल कंपनीने मोकळी ठेवलेली दुपार बहुतेक जण खरेदीला देतात. त्याऐवजी व्यवस्थापकांना आदल्या दिवशीच सांगून राजवाड्याच्या थांब्यावर गटातून बाजूला व्हावे, म्हणजे टेकडी दोनदा चढावी लागत नाही.