'तुम्ही स्वतः खोललंय न्हवं?' – हेडलाइटच्या नावाखाली गेलेले 3,900 रुपये

बाबांची 2006 ची स्प्लेंडर आहे. किकवाली. दिवाळीच्या आधी डिपरचं बटण अडकायला लागलं. पावसाळाभर पाणी पिऊन आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता. म्हटलं एवढ्याशा कामाला कशाला कुणाकडे जायचं. रविवारी हँडलचं स्विच खोललं, पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या, तुटायला आलेली पांढरी वायर सोल्डर केली. आतली स्प्रिंग उडाली ती अर्ध्या तासानं कॉटखाली सापडली. स्विचच्या वायरी हेडलाइटच्या डूममध्ये जातात, म्हणून डूमही उघडावा लागला. सगळं पुन्हा बसवलं. बटण लोण्यासारखं चालायला लागलं, फक्त हेडलाइट लागेना. ना अप्पर, ना डिपर.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती, पण तिचा अर्थ कळला नाही. मीटरमधला अप्परचा निळा दिवा डिपरवर टाकलं तरी पेटलेलाच राहायचा.

माझी सेकंड शिफ्ट. रात्री सांगलीहून आष्ट्याला यायचं आणि उसाचा सीझन सुरू झालेला. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. बिनहेडलाइटचं त्या रस्त्यावर निघणं शक्यच नव्हतं. सोमवारी दुपारी शिफ्टच्या आधी, कामाच्या वाटेवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी लावली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण नावापेक्षा पद्धत कळणं महत्त्वाचं आहे.

त्यानं गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "मालक, तुम्ही स्वतः खोललंय न्हवं?"

मी हो म्हटलं, आणि सौदा तिथंच संपला. आपणच काहीतरी बिघडवून ठेवलंय या अपराधी भावनेत माणूस समोरचा सांगेल ते ऐकतो. त्यानं मान हलवली, डूममध्ये टॉर्चचा उजेड मारला आणि म्हणाला, "सोल्डरिंग करताना शॉर्ट झालंय. आतनं वायरिंग जळलंय. आरआर युनिट गेलं, त्यानं बॅटरी पण मारली. दोन तासांनी या." आरआर युनिट म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, गाडीत तयार होणारा करंट आवरून बॅटरीला देणारा भाग. मी चहाला गेलो. तिथंच बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

परत आलो तर हेडलाइट झकास. हिशोब सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर: वायरिंग किट 1,450, आरआर युनिट 850, बॅटरी 900, बल्ब 150, मजुरी 600. एकूण 3,950, त्यातले पन्नास 'तुमच्यासाठी' सोडले. जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला आत्ताच घेऊन गेला". मी पैसे स्कॅन करून दिले, वर त्याचे आभारही मानले.

तीन आठवड्यांनी रात्री साडेअकराला, कारखान्याच्या फाट्याजवळ, खड्ड्यात गाडी आदळली आणि लाइट गेला. निळा दिवा तेवढा पेटलेला. एका टेम्पोच्या मागे मागे घरी पोचलो.

सकाळी मामांना बोलावलं. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेत. त्यांनी आधी गाडी सुरू केली, अप्पर-डिपर केलं, निळ्या दिव्याकडे बघितलं आणि हसले. "अर्थिंग सुटलंय रे."

डूम उघडला. बल्बच्या होल्डरची हिरवी वायर, म्हणजे अर्थ, रबरी टोपणातून निसटून लोंबत होती. मामांनी समजावलं ते असं. बल्बमध्ये दोन तारा, डिपरची आणि अप्परची, दोघींचा अर्थ एकच. तो सुटला की डिपरचा करंट आतल्या आत अप्परच्या तारेत शिरतो आणि तिथून उलटा निळ्या दिव्यातून अर्थ शोधतो. निळा दिवा इवलासा, तो तेवढ्या करंटवर पेटतो. 35 वॅटचा बल्ब काही पेटत नाही. मामांनी त्या वायरची पिन घुसवली, लाइट लागला. काढली, गेला. असं तीनदा करून दाखवलं. रविवारी डूममध्ये हात घालताना ती पिन मीच ढिली केली असणार. दुकानदारानं ती नुसती आत ढकलली होती, पक्कडनं दाबायचे कष्टही घेतले नव्हते.

"आणि बॅटरी कशाला बदललीस?" मामांनी विचारलं. या जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही, थेट इंजिनातल्या मॅग्नेटच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या, कॉइलवर चालतो. म्हणून तर इंजिन बंद केलं की लाइट बंद, आणि रेस कमी केली की मंद. बॅटरी अडीच अँपिअरची, हेडलाइट जवळजवळ तीन अँपिअर खातो. तासभरसुद्धा टिकली नसती. वीस वर्षं ही गाडी बघतोय, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग मामांनी सीट आणि टाकी काढली. 'नव्या' वायरिंगच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगवर, सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली होती, बाबांनी बांधलेली, त्यांच्या त्या दुहेरी गाठीसकट. आरआर युनिटच्या बोल्टवर जुना चिखल वाळून दगड झालेला. त्याला कुणी पाना लावलेलाच नव्हता. खरोखर नवं काय होतं? बॅटरी आणि बल्ब, दोन्हींची गरज नव्हती.

दुकानात जाऊन विचारलं. आवाज न चढवता म्हणाला, "पावती दाखवा." सिगारेटचं पाकीट मी कधीच फेकलं होतं. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि मी तर ते मागितलंही नव्हतं. 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली. पैसे दिल्याची मोबाइलवरची नोंद तेवढी हाताशी आहे, कुठला पार्ट कशाचा ते त्यात कुठं लिहिलंय?

तुमच्यावर वेळ आली तर स्वतः काय खोललं ते लपवू नका, मेकॅनिकला ते कळायलाच हवं. पण "जळलंय" म्हटल्यावर जळलेली वायर हातात घेऊन बघा. जळलेल्या वायरिंगला वास येतो, प्लास्टिक वितळून चिकटतं, ते लपत नाही. टेस्ट लॅम्प लावून करंट कुठपर्यंत येतोय ते समोर दाखवायला सांगा. गाडी देण्याआधी आरआर युनिट आणि कपलरवर नेलपेंटचा ठिपका द्या, मी बायकोची बाटली वापरतो. आणि जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्या दिवशी जाब विचारून दुकानातून निघताना दुकानदार मागून म्हणाला, "मालक, परत खोललंय न्हवं तुम्ही?"

या वेळी मामा सोबत होते. ते म्हणाले, "होय, मी खोललंय."