एफएफएमपेगने मोडीच्या गिफ: आठ महिन्यांनंतर

मोडी शिकवताना खरं अडतं ते वळणापाशी. छापील तक्त्यात अक्षर तयार दिसतं. हात कुठून निघाला, कुठे वळला हे कळत नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी लिहितानाचा व्हिडिओ काढून त्याच्या गिफ करायला लागलो. (ज्यांनी हा प्रकार 1987 साली काढला ते स्टीव्ह विल्हाइट 'जिफ' म्हणत. आमच्या वर्गात गिफच चालतं.) आवाज नाही, प्ले दाबायला नको, अक्षर आपलं पुन्हा पुन्हा लिहिलं जातं.

व्हिडिओची गिफ करून देणारा एफएफएमपेग हा प्रोग्रॅम फुकट आहे, पण बटणं वगैरे काही नाहीत, कमांड टाइप करायची. पहिल्यांदा सरळ व्हिडिओ देऊन गिफ मागितली, तर कागदावर रवा सांडल्यासारखे ठिपके! एका फ्रेमला 256च रंग मिळतात आणि ते कोणते, हे मी सांगितलंच नव्हतं. आधी 'पॅलेटजेन'ने त्या व्हिडिओतले रंग काढायचे, मग 'पॅलेटयूज'ने वापरायचे. डिदर, म्हणजे ठिपके मिसळून नसलेल्या रंगाचा भास करणं, बंद ठेवतो. हातावर रंगाचे पट्टे पडतात, पडोत. शाई स्वच्छ दिसते.

फाइलचा आकार मात्र शूटिंगच्या वेळीच ठरतो. मागच्या फ्रेमपेक्षा जेवढा भाग बदलला तेवढाच साठवता येतो. फोन हातात धरून काढलेला 'क' 5 एमबीच्या घरात गेला. तोच फोन डब्यांच्या दोन चळतींवर आडवा ठेवून, खिडकी लावून काढला तर 1 एमबीच्या आत. ढग आला-गेला तरी अख्खा कागद 'बदलतो', म्हणून खिडकी. रुंदी 480 पिक्सेल, सेकंदाला 10 फ्रेम. गिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, शंभराला 10ने भाग जातो, नेहमीच्या 30 फ्रेमनी नीट जात नाही.

पाठवणं हीच डोकेदुखी. आमच्या ग्रुपवर टाकली की ॲप तिचा मुका व्हिडिओ करतं आणि बारीक रेघा फिसकटतात. डॉक्युमेंट म्हणून जशीच्या तशी जाते, पण उघडावी लागते, आणि निम्मे विद्यार्थी सत्तरीतले. एका काकांचा फोन आला, "सर, नुसती रेघ आलीय." त्यांच्या मेलमध्ये पहिलीच फ्रेम दिसत होती आणि मोडीत रेघ आधी ओढतात! तेव्हापासून पूर्ण अक्षर सुरुवातीलाच दीड सेकंद ठेवतो. गिफ हलली नाही तरी अक्षर दिसतं. हलली तर दोन फेऱ्यांमध्ये डोळ्यांना विसावा.

फोनवरच दोन टिचक्यांत काम हवं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. मी कमांड वहीत उतरवून ठेवलीय, फक्त फाइलचं नाव बदलतो. मुळाक्षरं 'म'पर्यंत आली आहेत.