भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय: आधी तळमजला, मग वर

राणीबागेला लागूनच, बुधवारी बंद. १८७२ची इमारत, झुंबरांकडे बघत बसलात तर कपाटं राहून जातील.

तळमजल्यावर बिदरी, म्हणजे बिदरचं चांदी जडवलेलं धातूकाम, हमखास बघा. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं, त्यात कोरून ठोकलेली चांदीची तार. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात (एक क्षार) कालवून चोळतात. जस्त काळं पडतं, चांदी तशीच राहते. काचेवर उजेड चमकतो, म्हणून समोरून नाही, तिरकं उभं राहून बघा; तारेची कड तेव्हाच दिसते.

वर मातीच्या बाहुल्या. पगड्यांचे प्रकार नीट न्याहाळा, नक्षीपेक्षा तिथे जास्त माहिती आहे. फळ्यांवरचा मजकूर मात्र त्रोटक वाटतो.

बाहेरचा घारापुरीचा दगडी हत्ती विसरू नका. इंग्लंडला न्यायला उचलला, साखळी तुटली, तुकडे झाले. सांधे अजून ओळखू येतात.